मनाचे प्रोफेसर

प्रोफेसर शेषगिरीराव कुणालाही ‘कसे आहात?’ असं विचारत नसत. ‘काय करताय?’ असं विचारत. नवखा माणूस भाबडेपणाने उत्तर द्यायचा, ‘काही नाही, बाजारात निघालोय.’ की प्रोफेसरांचा चेहरा खुलायचा. माणूस कसा आहे हे त्याच्या आत डोकावून कळत नाही, तो काय करतो त्यावरून कळतं, हे त्याला भर रस्त्यात उभं करून सांगायची सोय व्हायची. हातात भाजीची पिशवी धरून त्यांचं तत्त्वज्ञान ऐकलेली माणसं चामराजपेटेत पुष्कळ होती. त्यांतली शहाणी माणसं पुढच्या वेळी त्यांना लांबून पाहूनच गल्ली बदलायची.

मला गल्ली बदलायची सोय नव्हती. मी त्यांच्या हाताखाली नोकरी करत होते आणि राहतही होते त्यांच्याच आवारात. बेळगावहून आईला घेऊन बेंगळूरला आले ती एका कॉलेजात लेक्चरर म्हणून. तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र यांचा तेव्हा मिळून एकच विभाग असे आणि शेषगिरीराव त्याचे प्रमुख. जागा मिळेना म्हणून त्यांनीच आपल्या वठारातली दोन खोल्यांची बिऱ्हाडाची जागा भाड्याने दिली. पुढे मालकाचं घर, मागे आम्हा भाडेकरूंची ओळ आणि मध्ये विहीर. त्यांचं घराणं मराठी फौजांबरोबर तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे उतरलेलं. घरात मराठी बोलत, पण ती ऐकताना माझ्या आईला पहिले काही दिवस वाटायचं, ही माणसं कन्नडच बोलतायत आणि मधूनमधून आपल्यासाठी मराठी शब्द टाकतायत.

घरात दोनच माणसं. प्रोफेसर आणि त्यांची थोरली बहीण तुंगाक्का. अक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. पाठोपाठ आई गेली आणि पाळण्यातला शेषू अक्कांच्या ओटीत आला. तो तिथून पुढे कधी उतरलाच नाही, असं माझं मत आहे. त्याचं लग्न करायचं राहून गेलं, धोतराला इस्त्री, डोक्याला तेल, पानात तूप सगळं अक्काच बघत. इतकं सगळं दुसऱ्याने केलं की माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो आणि तो भलत्या गोष्टींचा विचार करू लागतो.

स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच दिवसांत शेषगिरीराव इंग्लंडला जाऊन आले होते. तिथे त्यांना गुरू भेटला. मोठा तत्त्वज्ञ. त्याचं नाव मी इथे मुद्दामच घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. गुरूने त्यांना चहाला बोलावलं होतं. एकदा की अनेकदा, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो चहा प्रोफेसर पुढे वीस वर्षं पीत होते. ‘मी हा प्रश्न त्यांना चहाच्या वेळी विचारला होता,’ असं म्हणाले की विभागातला वाद संपला असं समजायचं.

गुरूचं पुस्तक मीही वाचलं. चिडून वाचायला घेतलं आणि आवडलं. मन म्हणजे शरीराच्या मागे दडवून ठेवलेली दुसरी वस्तू नव्हे, असं तो म्हणत होता. सुगरण फोडणी घालते तेव्हा तिचं कसब त्या फोडणीतच असतं. आधी डोक्यात कसब आणि मग हातात फोडणी असे दोन वेगळे व्यवहार नसतात. म्हणून माणसाचं मन पाहायचं तर त्याचं बोलणं, चालणं, हसणं, चुकणं बारकाईने पाहावं. यात वावगं काय आहे? मनाचा आणि बुद्धीचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये त्यावरून तेव्हा जगभर धुमश्चक्री चालली होती आणि त्यातून कितीतरी नवे विचार निघत होते. आमच्याकडे मात्र त्यातून शेषगिरीराव निघाले. गुरूने माणसाकडे नीट बघा म्हणून सांगितलं होतं. यांनी आत काही नाही एवढंच ऐकलं आणि बघायचंच सोडून दिलं.

इंग्लंडहून येताच त्यांनी पहिली गदा आणली ती आमच्या प्रयोगशाळेवर. मुलांना घंटेचा टोला ऐकवायचा आणि मनात काय काय आलं ते सांगायला लावायचं, असा एक जुना प्रयोग असे. तो बंद झाला. उत्तरपत्रिकेत ‘आय फील’ असं कुणी लिहिलं की त्याखाली तांबडी रेघ. तोंडी परीक्षेत एका गदगच्या मुलीने भीतीने रडायला सुरुवात केली, तेव्हा प्रोफेसर शेजारच्या परीक्षकाला शांतपणे म्हणाले, ‘नोट करा. भीती भीती म्हणतात ती ही एवढीच. याच्यामागे आणखी काही नाही.’ ती मुलगी पुढच्या वर्षी इतिहासाला गेली. मी तिला बक्षीस दिलं असतं.

घरी मात्र त्यांचा सिद्धान्त रोज चुलीशी येऊन आपटायचा. कॉलेजातून आले की कपाळ चोळत ओसरीवर बसायचे.

‘डोकं दुखतंय काय रे, शेषू?’ अक्का आतून विचारायच्या.

‘दुखतंय म्हणजे आत कुठेतरी दुखणं नावाची वस्तू आहे असं नाही, अक्का. मी कपाळ चोळतोय, एवढंच म्हणता येईल.’

‘सरी, बरं. मग चोळत बस की. मी उगाच काफी टाकत होते.’

मग प्रोफेसर उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे आणि दुखतंय म्हणून कबूल करायचे. काफी मिळाली की पुन्हा ओसरीवर येऊन सिद्धान्त चालू.

जेवणाचीही तीच तऱ्हा. ‘आवडलं’ म्हणायचं नाही, कारण आवडणं आतलं. अक्कांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. ‘तीनदा हुळी घेतलास, म्हणजे आवडली,’ म्हणून त्या आमटीचं पातेलं झाकून ठेवायच्या. यावर प्रोफेसर टाळी द्यायला हात पुढे करायचे. ‘बघा, मिस देशपांडे, माझ्या गुरूला खरं कोणी ओळखलं असेल तर आमच्या अक्काने!’ अक्का खरकटा हात दाखवून आत जायच्या.

अक्कांना गुरूची काडीची पर्वा नव्हती. त्यांना वेड होतं चौकाबाऱ्याचं. पाच घरं आडवी, पाच उभी असा पट खडूने ओसरीच्या फरशीवर आखायचा, कवड्या फेकायच्या, सोंगट्या म्हणून चिंचोके आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे. रविवारी दुपारी मी त्यांच्याबरोबर खेळायला बसायची. अक्का हसतमुख बाई, पण पटावर महाकठोर. ‘स्वल्प बघून खेळ गे, इंदू. मारायची सोंगटी समोर ठेवून पुढे पळतेस, कॉलेजात काय शिकवतेस पोरांना?’ असं म्हणत माझी सोंगटी उचलून परत आरंभाला ठेवायच्या. दुसऱ्याने वाईट चाल केलेलीही त्यांना बघवत नसे. मग ती त्यांच्या फायद्याची का असेना.

एकदा विभागात डॉक्टर सोमण्णा नावाचा तरुण डॉक्टर व्याख्यानाला आला. मनोरुग्णांच्या इस्पितळात काम करायचा. कोवळा, लाजाळू माणूस. त्याने त्याच्या वॉर्डातल्या एका रोग्याची हकीकत सांगितली. तो रोगी कित्येक महिने बोलला नाही, हलला नाही, भिंतीसारखा पडून होता. आणि बरा झाल्यावर त्याने खाटेशेजारी कोण काय काय बोललं होतं ते सगळं घडाघडा सांगितलं.

प्रोफेसर उभे राहिले. ‘त्या काळात तो माणूस काय करत होता?’

‘पडून होता, सर.’

‘मग तो ऐकत होता हे कशावरून?’

‘त्यानेच सांगितलं, सर. नंतर.’

‘नंतर सांगणं हे नंतरचं वर्तन झालं, डॉक्टर. मी तेव्हाचं विचारतोय.’

मुलं हसली. प्रमुख हसले की मुलांना हसावंच लागतं. डॉक्टर कानापर्यंत लाल झाला आणि कागद गोळा करत म्हणाला, ‘असेल, सर. मी मात्र तेव्हापासून वॉर्डात जपून बोलतो. तेवढंच सांगायला आलो होतो.’ प्रोफेसरांनी त्यावर एक सहानुभूतीचं स्मित केलं. त्या स्मिताला कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती.

पुढच्या श्रावणात अक्का विहिरीशी रांगोळी काढता काढता कोसळल्या. मेंदूत रक्ताची गाठ. काही दिवस इस्पितळात ठेवून त्यांना घरी पाठवलं, कारण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हात नाही, पाय नाही, वाचा नाही. नाकातल्या नळीतून पेज. डोळे उघडे, समोर छताकडे लागलेले. माझी आई आणि एक नर्सबाई मिळून त्यांचं सगळं करायच्या. डॉक्टर सोमण्णा बातमी ऐकून आपण होऊन आला. अपमान गिळून त्याच घरात पाय टाकणारा तो माणूस मला फार मोठा वाटला. तपासून झाल्यावर तो प्रोफेसरांना एवढंच म्हणाला, ‘यांना कळत असेल किंवा नसेल, मी सांगू शकत नाही. पण तुम्ही बोलत राहा यांच्याशी.’

‘कुणाशी?’ प्रोफेसर म्हणाले.

हे त्यांनी दुःखाने म्हटलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं. ते समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. समाचाराला आलेली माणसं खाटेपाशी आवाज खाली करायची, तेव्हा प्रोफेसर त्यांनाही समजावायचे, की कुजबुजायचं कारण नाही, अक्का आता इथे नाही, श्वास आहे, नाडी आहे, पण अक्का म्हणजे जे जे अक्का करत होती ते, आणि ते थांबलं. ‘तिला कळतं का, हा प्रश्नच होऊ शकत नाही.’ ही खोली पुढे पुस्तकांना होईल, खिडकीसमोरची तुळस हलवली म्हणजे उजेड येईल, हेही त्यांनी तिथेच, त्या उघड्या डोळ्यांच्या समोर उभं राहून एका नातेवाइकाला सांगितलं. माझ्या आईने हातातली पेजेची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘प्रोफेसर, बाहेर जाऊन बोला.’ ते हसून बाहेर गेले. अडाणी बाईच्या भावना, एवढंच त्या हसण्यात होतं.

आणि मग एका रविवारी त्यांनी एम. ए.चा वर्गच त्या खोलीत आणला.

मी खिडकीपाशी होते. मुलं पोरसवदा, चपला बाहेर काढून भिंतीला टेकून उभी राहिली. कुठे बघावं हे त्यांना कळत नव्हतं. प्रोफेसरांनी अक्कांचा उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि सोडून दिला. तो गादीवर पडला. ‘आता या ठिकाणी आपण मन आहे असं म्हणताना नेमकं काय म्हणत असतो?’ त्यांनी विचारलं. त्यांनी हात पुन्हा उचलला. ज्या हाताने यांची अंघोळ, शेंबूड आणि शाळेची पाटी केली, तो हात खडूच्या तुकड्यासारखा वर धरून ते शिकवत होते. मी पुढे जाऊन तो हात त्यांच्याकडून काढून घेतला आणि मुलांना म्हटलं, ‘वर्ग संपला. घरी जा.’ मुलं पळालीच. प्रोफेसर म्हणाले, ‘तुम्ही भावनेच्या भरात एक चांगलं उदाहरण वाया घालवलंत.’ मी अक्कांचा हात नीट गादीवर ठेवला आणि प्रोफेसरांकडे पाठ फिरवली.

त्या दुपारी मी हट्टाने अक्कांपाशी बसले. नर्सबाईच्या मदतीने त्यांना उशांवर जरा उंच टेकवलं, एका पाटावर खडूने घरं आखली आणि तो खाटेवर त्यांच्या नजरेखाली ठेवला. त्यांच्याही कवड्या मीच टाकायच्या, त्यांच्याही सोंगट्या मीच चालवायच्या. कुणाला दाखवायला नव्हे. मला दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. खेळात माझं लक्ष नव्हतं. अक्कांच्या वतीने कवड्या टाकल्या, दान पडलं, माझी एक सोंगटी नेमकी त्यांच्या माऱ्यात होती आणि ती सोडून मी त्यांचा भलताच चिंचोका पुढे सरकवला.

अक्कांनी डोळे घट्ट मिटले. वाईट चाल बघितली की मिटायच्या तसेच. मग उघडले, खाली पटाकडे नेले, वर माझ्याकडे आणले आणि पुन्हा खाली नेले.

मी चिंचोका मागे घेतला आणि माझी सोंगटी मारली. डोळे निवले.

‘अक्का, ऐकू येतंय?’ मी वाकून विचारलं. ‘येत असेल तर डोळे मिटा.’ त्यांनी मिटले.

माझी आई रडत सुटली. मी डॉक्टर सोमण्णाला बोलावणं धाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन त्याने सगळं पुन्हा करून पाहिलं आणि खूण बसवून दिली: एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. पाणी हवं का, कूस बदलू का, देवाचं म्हणू का, सगळं अक्का सांगू लागल्या. पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं का, असं डॉक्टरने विचारलं, तेव्हाही त्यांनी एकदाच डोळे मिटले. डॉक्टर उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

प्रोफेसरांना सांगायला मी स्वतः गेले. वाटलं होतं, हा माणूस आता तरी कोसळेल. ते पांढरे पडले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला. ‘पण मग बरोबरच आहे!’ ते म्हणाले. ‘डोळ्यांची उघडझाप हेही वर्तनच. वर्तन आहे म्हणजे मन आहे. सिद्धान्ताला धक्का कुठे लागला?’

‘आणि काल?’ मी विचारलं. ‘काल तुम्ही मुलांसमोर अक्कांचा हात आपटत होतात, तेव्हा त्या कुठे होत्या?’

‘हा प्रश्न चुकीचा मांडला जातोय, मिस देशपांडे.’

मांजर कसंही टाकलं तरी पायांवर पडतं, तसे हे. लिहायला घेतलेल्या पुस्तकात त्यांनी यावर एक पुरवणी प्रकरण जोडायचंही ठरवलं.

त्याच संध्याकाळी ते खुर्ची ओढून अक्कांपाशी बसले. ‘अक्का, मी शेषू. ओळखतेस ना? हो असेल तर डोळे मीट.’ अक्कांचे डोळे उघडे राहिले. त्यांच्याकडेच लागलेले, पण उघडे. ते पुन्हा म्हणाले. डोळे मिटले नाहीत. थकली असेल, असं म्हणून ते उठले. दुसऱ्या दिवशी तेच. डोळ्यांत घालायचं औषध बदललं, खुर्ची दुसऱ्या बाजूला घेतली, प्रश्न कन्नडमधून विचारले. माझ्या आईला अक्का उत्तर देत, मला देत, नर्सबाईला देत, दूध घालणाऱ्या मुनियम्माला तर गप्पा मारल्यासारखं देत. प्रोफेसर खोलीत आले की काही नाही. त्यांच्याच सिद्धान्ताप्रमाणे पाहायला गेलं तर त्यांच्यापुरती अक्का तिथे नव्हती. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांना ते कळत होतं, कारण पुरवणी प्रकरणाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. कॉलेजातही ते बोलायचे कमी झाले. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं.

शेवटी एका सकाळी ते विहीर ओलांडून वठारात आमच्या दाराशी आले. असे ते कधी येत नसत. आईने आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

‘मिस देशपांडे, तुम्ही तिला विचारा.’

‘काय विचारू?’

‘तिला माझा राग आलाय का,’ ते म्हणाले, ‘एवढं विचारा.’

आम्ही गेलो. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मी अक्कांच्या उशाशी वाकले. ‘अक्का, शेषू विचारतोय. तुम्हाला त्याचा राग आलाय?’

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मी उघडायची वाट बघत राहिले. उघडले नाहीत. झोप नव्हती ती. पापण्या थरथरत होत्या, कडांमधून पाणी निघून कानाकडे ओघळत होतं, पण त्यांनी डोळे गच्च धरून ठेवले होते. ‘अक्का,’ प्रोफेसर म्हणाले. ‘अक्का, मी—’ आणि त्या माणसाला, ज्याने वीस वर्षं कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही, ते वाक्य पुरं करता आलं नाही. ते वळले आणि मागच्या दाराने निघून गेले.

त्यांच्या पावलांचा आवाज गेल्यावर अक्कांनी डोळे उघडले. मी पदराने त्यांचा कान पुसला. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. भरपाई झाली, असं वाटत होतं. केवळ विचारायचं म्हणून मी विचारलं, ‘बोलावू का त्याला परत?’

अक्का बराच वेळ छताकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मी दुसऱ्यांदा मिटायची वाट पाहिली. पुष्कळ पाहिली. अक्का माझ्याकडे बघत होत्या आणि मुकाट्याने जायला सांगत होत्या.

मला प्रोफेसरांची कीव आलेली नव्हती, पण निरोप माझा नव्हता. प्रोफेसर विहिरीच्या कट्ट्यावर पाठमोरे बसले होते. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला, खांदे हलत होते.

‘सर,’ मी म्हटलं, ‘अक्का बोलावतायत.’

ते उठले. चष्मा मांडीवरून खाली पडला, तो त्यांनी उचललाही नाही आणि धोतर सावरत, ठेचकाळत, लहान मुलासारखे आत धावले.